कांद्याची बराख आणि दहावीचा वर्ग

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात. तेथे येणारा कांदा बरेचदा काही महिने बराखीत राहून आलेला असतो. जुन्नर-आंबेगाव भागातील मुलांना बराख म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कांदा साठवण्यासाठी बांधलेली लांबट, अरुंद चाळ म्हणजे बराख. तिच्या भिंती पट्ट्यांच्या किंवा बांबूच्या असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. तळही जमिनीपासून उचललेला असतो, म्हणजे खालूनही वारा लागतो. रुंदी बेताची ठेवतात आणि कांद्याचा थरही फार उंच रचत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? कांदा काढला तरी तो जिवंतच असतो. तो श्वसन करतो. श्वसनात प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर पडते. ही वाफ आणि उष्णता वाऱ्याने वाहून नेली नाही, तर ढिगाच्या पोटातला कांदा ओलसर होऊन सडू लागतो. आळ्याच्या शेतकऱ्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. एका हंगामाचे नुकसान हाच त्याचा गुरू.

आता तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यात साठ मुले-मुली आहेत. तीही श्वसन करतात, आणि कांद्यापेक्षा कितीतरी जोराने करतात. त्यांच्या वर्गाला फटी किती आहेत, तळ-छप्पर कसे आहे, वारा कोठून येतो आणि कोठून जातो, याचा विचार बराखीइतका झालेला असतो का? बहुधा नसतो. दुपारच्या तासाला मागच्या बाकावरचा मुलगा पेंगू लागला की आपण त्याला आळशी म्हणतो. त्याच्या पेंगण्यात त्याचा वाटा किती आणि खोलीचा वाटा किती, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो बऱ्याच अंशी कागद-पेन्सिलीने सोडवता येतो.

समजा, वर्ग ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच आहे. त्याचे घनफळ सुमारे १४० घनमीटर, म्हणजे १,४०,००० लिटर. बाकावर बसून लिहिणारा तुमच्या वयाचा विद्यार्थी ताशी साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. साठ जणांचे झाले ९०० लिटर. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील तर ३५ मिनिटांच्या एका तासिकेत ५२५ लिटर वायू खोलीत जमेल. १,४०,००० लिटरांत ५२५ लिटर म्हणजे दर दहा लाख भागांत ३,७५० भाग. बाहेरच्या हवेत हे प्रमाण आज सुमारे ४२० भाग आहे. म्हणजे एकच तास संपताना ते जवळजवळ दहापट झालेले असेल.

येथे पुष्कळ जण घाईने एक निष्कर्ष काढतात की, वर्गातला प्राणवायू संपला म्हणून झोप येते. हे खरे नाही, आणि का खरे नाही हे पाहणे मोठे गमतीचे आहे. त्याच हिशोबाने साठ मुले ३५ मिनिटांत सुमारे ६३० लिटर प्राणवायू वापरतील. खोलीतील हवेत तो शेकडा २०.९५ होता, तो शेकडा २०.५ होईल. म्हणजे मूळच्या प्राणवायूचा पन्नासावा भाग कमी झाला. आता मुंबईहून निघून कल्याणमार्गे माळशेज घाट चढून आळ्याला या. आळे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब शेकडा सात-साडेसातने उतरतो आणि त्याबरोबर प्राणवायूचा आंशिक दाबही तेवढाच उतरतो. म्हणजे बंद वर्गात एका तासाला होणाऱ्या घटीच्या तिप्पट घट एस.टी.त बसल्या-बसल्या होते. पण आळेफाट्याला उतरलेला मुंबईकर पेंगत नाही. उलट येथली हवा किती छान म्हणून चहा मागवतो.

मग पेंग आणणारे काय? या प्रश्नाचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. म्युनिकचा माक्स फोन पेटनकोफर याने १८५८ मध्ये खोल्यांतील हवेचे मोजमाप करून असे सुचवले की, माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत १,००० भागांच्या वर गेले तर ती हवा चांगली समजू नये. हा आकडा आजही सगळीकडे वापरला जातो. मात्र या वायूला पेटनकोफर स्वतः विष मानत नव्हता. माणसांच्या शरीरातून दुसरे जे काही बाहेर पडते, वास, वाफ, नाना तऱ्हेची सेंद्रिय द्रव्ये, ते सहज मोजता येत नाही. वायू मोजता येतो. गाडीतल्या इंधनाचा काटा जसा टाकी दाखवतो, तसा हा वायू खोलीतली शिळी हवा दाखवतो.

पुढे १९०५ मध्ये ब्रेस्लाव शहरात (आज ते पोलंडमध्ये आहे) फ्ल्यूगे यांच्या संस्थेत पाउल याने एक सुरेख प्रयोग केला. लहानशा बंद पेटीत माणसे बसवली. आतला कार्बन डायऑक्साइड शेकडा एकाच्या वर जाऊ दिला, पण हवा थंड व कोरडी ठेवली. तेव्हा माणसांना फारसा त्रास झाला नाही. मग आतली हवा गरम व दमट होऊ दिली. डोके जड होणे, गुदमरल्यासारखे वाटणे, सारे सुरू झाले. अशा वेळी नळीने त्यांना बाहेरची ताजी हवा श्वासासाठी दिली, तरी आराम पडला नाही. उलट बाहेर बसलेल्या माणसाने नळीने पेटीतली हवा श्वासात घेतली, तर त्याला काहीच झाले नाही! म्हणजे त्रासाचे मुख्य ठिकाण फुप्फुस नसून त्वचा आहे.

त्वचेचा हिशोब असा. बसलेला विद्यार्थी सुमारे ८० वॅट दराने उष्णता निर्माण करतो. साठ जणांची मिळून ४,८०० वॅट झाली, म्हणजे एक किलोवॅटच्या जवळजवळ पाच शेगड्या वर्गात पेटवून ठेवल्यासारखे. यातली काही उष्णता घाम व श्वासाच्या वाफेतून जाते. तासाभरात साठ मुले मिळून दोन लिटरांच्या आसपास पाणी हवेत सोडतात. उरलेली तीनेक हजार वॅट हवेला व भिंतींना सरळ तापवते. खोलीतील हवेचे वस्तुमान १५५ किलोग्रॅमच्या जवळपास आहे. भिंती, फरशी आणि बाके यांनी काहीच उष्णता शोषली नाही असे धरले, तर ही हवा दर पन्नास-बावन्न सेकंदांना एक अंशाने तापेल. सुदैवाने भिंती शोषतात. पण सकाळपासून शोषून-शोषून त्याही भरत येतात, आणि दुपारी त्यांची मदत संपते.

शरीराला आपले आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचे असते. हवा गरम व दमट झाली की ते त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, घाम गाळते, आणि स्नायू सैल सोडून उष्णतेचे उत्पादन कमी करू पाहते. हे सैल सोडणे म्हणजेच सुस्ती. जेवणानंतर दुपारी माणसाला मुळातच थोडी गुंगी येते हेही खरे. म्हणून सगळा दोष खोलीच्या माथी मारू नये. पण आधीच उतार असलेल्या रस्त्यावर कोणी तेल ओतावे तशी खोली वागते.

आता मुद्द्याचा प्रश्न. याचा अभ्यासावर मोजता येईल एवढा परिणाम होतो काय? डेन्मार्कमध्ये वारगोत्स्की आणि वायन यांनी शाळेतल्या नेहमीच्या वर्गांतच प्रयोग केले आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध केले. एका भागात वर्गाचे तापमान २५ वरून २० अंशांवर आणले, दुसऱ्या भागात दर मुलामागे येणारी ताजी हवा सेकंदाला ५.२ लिटरांवरून ९.६ लिटरांपर्यंत वाढवली. दोन्ही वेळा मुलांचा गणिताचा व वाचनाचा वेग वाढला. अमेरिकेत पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच परीक्षा दोनदा देणाऱ्या सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासले. २०२० मध्ये त्यांनी दाखवले की, वर्गात वातानुकूलन नसेल तर शालेय वर्ष एक अंश फॅरनहाइटने अधिक उष्ण गेले की त्या वर्षीचे शिकणे शेकडा एकने घटते.

नुसत्या कार्बन डायऑक्साइडबद्दल मात्र संशोधकांत एकमत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये केलेल्या एका प्रयोगात शुद्ध वायू मिसळून प्रमाण १,००० आणि २,५०० भागांवर नेले तेव्हा माणसांची निर्णयशक्ती मंदावलेली आढळली. डेन्मार्कमध्ये २०१७ च्या प्रयोगात शुद्ध वायू ३,००० भागांपर्यंत नेऊनही काही झाले नाही. पण तेच ३,००० भाग माणसांच्या श्वासातून जमू दिले तेव्हा डोके दुखू लागले आणि काम मंदावले. मला पेटनकोफरचेच म्हणणे जास्त पटते. काट्यावर राग काढण्यापेक्षा टाकीकडे पाहावे.

आपल्या देशातील एक अभ्यास तर आळ्यासारख्या गावासाठीच केल्यासारखा वाटतो. गर्ग, जगनानी आणि ताराझ यांनी २०२० मध्ये भारतातील ग्रामीण मुलांच्या चाचण्या आणि तापमानाच्या नोंदी ताडून पाहिल्या. वर्षात २९ अंशांहून उष्ण दिवस जास्त पडले, तर पुढील चाचणीत गणिताचे व वाचनाचे गुण घटत होते. पण कारण शोधताना त्यांना वर्गाबाहेर जावे लागले. उष्णतेने पीक घटते, घरातले उत्पन्न घटते आणि त्याचा फटका मुलाच्या आहाराला व शाळेला बसतो, हा त्यातला मोठा भाग होता. शिक्षक मित्रांनी हे ध्यानात ठेवावे. खिडकी उघडल्याने कांद्याचा पडलेला भाव वर चढत नाही. तरीसुद्धा खिडकी आपल्या हातात आहे, भाव नाही.

डेन्मार्कच्या २० अंशांना मात्र आपण भुलू नये. त्या तापमानाला आपल्याकडे स्वेटर निघतात. भारतातील पाच शहरांच्या कार्यालयांत केलेल्या पाहणीवरून असे सूत्र मिळाले आहे की, नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत माणसाला योग्य वाटणारे तापमान हे बाहेरच्या अलीकडील सरासरी तापमानाच्या ०.५४ पट अधिक १२.८३ इतके असते. पुण्याकडे एप्रिलमध्ये दिवसा ३८ आणि पहाटे २० अंश धरले तर सरासरी २९ येते आणि सूत्रातून उत्तर येते सुमारे २८.५ अंश. हे सूत्र मोठ्या माणसांवरून काढलेले आहे, मुलांसाठी ते तंतोतंत लागू पडेलच असे नाही. पण आपले शरीर हवामानाशी किती जुळवून घेते याची कल्पना त्यावरून येते.

आळ्याला वर्षातून दोन वेळा, दोन निरनिराळ्या कारणांनी वर्ग बिघडतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही उतरतो. मुले खिडक्या लावून घेतात. तेव्हा वर पाहिलेला ३,७५० भागांचा हिशोब जवळजवळ खरा होऊ लागतो. ही गोष्ट टाळायला किती खिडकी उघडी हवी? प्रमाण १,००० भागांच्या आत ठेवायचे, म्हणजे बाहेरच्यापेक्षा ५८० भागच जास्त चालतील. ताशी ९०० लिटर वायू एवढा पातळ करायला ताशी सुमारे १,५५० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.४३ घनमीटर ताजी हवा लागते. बाहेर सेकंदाला एक मीटर वेगाची मंद झुळूक आहे आणि खिडकीतून तिच्या निम्मीच आत येते असे धरा. मग ०.८६ चौरस मीटर उघडी जागा पुरते. सव्वा मीटर उंचीच्या चार खिडक्या वीतभर उघडल्या की एवढी जागा होते!

पण यात एक अट आहे, आणि बहुतेक वर्ग तेथेच नापास होतात. जेवढी जागा हवा आत येण्यासाठी, तेवढीच समोरच्या बाजूला बाहेर जाण्यासाठी हवी. एकाच भिंतीला दहा खिडक्या असल्या आणि समोरची भिंत बंद असली, तर वारा दारापर्यंत येऊन परत फिरतो. बराखीला दोन्ही अंगांनी फटी ठेवतात त्या याच कारणाने. वर्गाच्या एका बाजूला व्हरांडा असेल तर त्या बाजूची दारे व वरची झडपे उघडी ठेवावीत. कपाटे आणि तक्ते बहुधा नेमके त्याच झडपांपुढे उभे केलेले असतात.

पंख्याविषयी एक गैरसमज येथेच दूर करू. छताचा पंखा ताजी हवा आणत नाही. तो आहे तीच हवा ढवळतो. बंद खोलीत तो कितीही फिरला तरी कार्बन डायऑक्साइडचा एक रेणूही बाहेर जात नाही. त्याचा उपयोग त्वचेला होतो. घाम लवकर वाळतो आणि दोन-तीन अंशांनी थंड असल्यासारखे वाटते. हा उपयोग मोठा आहे, पण तो वेगळा आहे.

मार्च-एप्रिलमध्ये दोष छपराचा. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दर चौरस मीटर आडव्या पृष्ठावर नऊशे ते हजार वॅट ऊर्जा पडते. गंजलेला पत्रा ६० अंशांपर्यंत सहज तापतो. ६० अंशांचे म्हणजे ३३३ केल्व्हिनचे काळे पृष्ठ स्टेफानच्या नियमाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे ७०० वॅट प्रारण सोडते. मुलाच्या डोक्याचे व खांद्यांचे तापमान ३५ अंश धरले तर त्यांच्याकडून परत जाते सुमारे ५१०. फरक जवळजवळ १९० वॅट. प्रत्यक्षात पत्रा पूर्ण काळा नसतो, म्हणून आकडा काहीसा कमी भरेल. पण भिंतीवरचा तापमापक हे दाखवत नाही, कारण तो मुख्यतः हवेचे तापमान सांगतो. एका भिंतीला ३४ अंश, तर पत्र्याखालच्या बाकावर अंगाला चटका, असे त्यामुळेच होते. जुन्या शाळांची कौले फटींतून वारा सोडत आणि पत्र्याइतकी झटकन तापत नसत. सिमेंटचा स्लॅब आणखी वेगळा वागतो. तो उष्णता दोन-तीन तास अडवून ठेवतो आणि शेवटच्या तासांना, म्हणजे गणित-विज्ञान संपतासंपता, खाली सोडतो.

पांढरा चुना छपरावर मारला तर सूर्यप्रकाशाचा बराच मोठा भाग परत जातो. नवा चकचकीत पत्राही प्रकाश परावर्तित करतो, मग तो का तापतो? कारण चकचकीत धातू उष्णतेचे प्रारण नीट सोडत नाही. चुना प्रकाश घेतही नाही आणि जी थोडी उष्णता मिळाली ती आकाशाकडे सोडूनही देतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून दर फेब्रुवारीत हात फिरवावा लागतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि पुढे तेथील गरीब वस्त्यांतल्या घरांची छपरेही याच तत्त्वावर पांढरी केली गेली.

दुसरा उपाय फुकटचा आहे. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात दिवस आणि पहाट यांत सतरा-अठरा अंशांचा फरक पडतो. पहाटेची २० अंशांची हवा रात्रभर वर्गातून खेळली, तर भिंती व फरशी गार होतात आणि दुपारपर्यंत मुलांची उष्णता शोषत राहतात. पण शाळा सुटली की शिपाई खिडक्या लावून कुलूप घालतो, आणि दिवसभराची उष्णता रात्रभर आत कोंडून राहते. गज आणि जाळी पक्की असेल तर खिडक्या संध्याकाळी उघड्या ठेवायला काय हरकत आहे?

शाळेच्या वेळेचा प्रश्नही यातच येतो. राज्याच्या शिक्षण विभागाने २०२५ च्या मार्चअखेरीस उन्हामुळे प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ आणि माध्यमिक शाळा ७ ते ११.४५ भरवण्यास सांगितले. त्या वर्षी वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालल्या, म्हणून हे महत्त्वाचे होते. वरील हिशोबाने पाहता पावणेबारा ही वेळ योग्य आहे, कारण त्यानंतर छप्पर खरे तापते. मात्र त्याआधी २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतच्या मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून त्यांचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला होता. झोप आणि ऊन हे दोन्ही गुण कमी करतात, आणि एकाला टाळावे तर दुसरे समोर येते. माझे मत विचाराल तर एप्रिलपुरते ऊन अधिक वाईट. पण मग रात्री मुलांना लवकर झोपवण्याची जबाबदारी घरांनी घेतली पाहिजे.

हे सारे तुम्हांला आपल्या वर्गात मोजता येईल. टेबल टेनिसचा एक चेंडू बाहेरून काळा रंगवा, त्याला भोक पाडून तापमापकाचा फुगा मध्यभागी येईल असा बसवा आणि भोक मेणाने बंद करा. पारा नसलेला, रंगीत द्रवाचा तापमापक घ्या. दुसरा तापमापक मोकळा ठेवा. दोन्ही छपराखाली बाकाच्या उंचीवर टांगून अर्ध्या तासाने वाचा. काळ्या चेंडूतले तापमान जितके जास्त, तितके छपराचे प्रारण जास्त.

हवेसाठी ६० मिलिलिटरची सुईविरहित सिरिंज घ्या. उकळून गार केलेल्या १० मिलिलिटर पाण्यात चुन्याच्या निवळीचे दहा थेंब व फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. द्रावण गुलाबी होईल. ते सिरिंजमध्ये ओढा. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका. आता ५० मिलिलिटर हवा ओढून तोंडावर बोट धरा, अर्धा मिनिट जोराने हलवा, सिरिंज उलटी धरून फक्त हवा बाहेर काढा. गुलाबी रंग जाईपर्यंत हे किती वेळा करावे लागते ते मोजा. प्रथम मैदानावर करा, मग तास संपताना वर्गात, आणि दोन्हीकडे थेंबांची संख्या तीच ठेवा. मैदानावर बारा वेळा आणि वर्गात तीन वेळा लागले, तर वर्गातील प्रमाण चौपट, म्हणजे १,७०० भागांच्या जवळपास. स्वतःचा श्वास सिरिंजजवळ येऊ देऊ नका, नाहीतर मोजमाप वर्गाचे न होता तुमचेच होईल. एकदा सर्व खिडक्या लावून, एकदा एकाच बाजूच्या उघडून आणि एकदा समोरासमोरच्या वीतभर उघडून करून पाहा. प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि वर्गातली हजेरी लिहा, कारण मुलांची संख्या माहीत नसेल तर त्या आकड्याचा काहीच अर्थ लागत नाही.